जावजी दादाजी चौधरी

जावजी दादाजी चौधरी (जन्म : १८३९, मुंबई; मृत्यू : ५ एप्रिल १८९२) हे मुंबईतील निर्णयसागर छापखान्याचे संस्थापक आणि देवनागरी मुद्रणाच्या आद्य शिल्पकारांपैकी एक होते. हाताने कोरलेल्या व हाताने ओतलेल्या खिळ्यांच्या बळावर त्यांनी देवनागरी अक्षराला छापील पानावर जे सौष्ठव मिळवून दिले, ते पुढे अनेक दशके मानदंड म्हणून ओळखले गेले. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते. तरीही त्यांच्या छापखान्यातून बाहेर पडलेल्या संस्कृत ग्रंथांच्या आवृत्त्या भारतातील व युरोपातील विद्वानांनी प्रमाण मानल्या.

पार्श्वभूमी

मराठी मुलखात मुद्रणाची पहिली पावले धातुकाम करणाऱ्या कारागिरांच्या मदतीने पडली. पेशवाईच्या अखेरच्या काळात पुण्यातील एका तांबटाने इंग्रजांकडून तांब्याच्या पत्र्यावर अक्षरे कोरण्याची विद्या आत्मसात केली. सवाई माधवराव पेशव्यांच्या मृत्यूनंतर हे काम पुण्यात पुढे गेले नाही. मात्र मिरजेच्या पटवर्धनांच्या आश्रयाने १८०५ साली तांब्याच्या कोरीव पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. या पद्धतीत प्रत्येक पानासाठी स्वतंत्र पत्रा कोरावा लागे आणि तो पत्रा दुसऱ्या कोणत्याही ग्रंथासाठी निरुपयोगी ठरे.

सुट्या खिळ्यांची विद्या बंगालमध्ये रुजली. तेथे पंचानन कर्मकार या लोहाराने इंग्रज मुद्रकांसाठी आधी बंगाली आणि पुढे श्रीरामपूर येथे देवनागरी अक्षरे पोलादात कोरली. १८०५ साली विल्यम कॅरी यांचे मराठी भाषेचे व्याकरण श्रीरामपूरहून प्रसिद्ध झाले. मुंबईत अमेरिकन मिशनने १८१६ च्या सुमारास छापखाना सुरू केला. त्याच छापखान्यात तयार झालेले थॉमस ग्रॅहम हे देवनागरी व गुजराती खिळे कोरण्यात निष्णात होते. याच ठिकाणी अनुभव घेतलेल्या गणपत कृष्णाजी यांनी स्वतःचा शिळाछापखाना काढला आणि पहिले छापील मराठी पंचांग प्रसिद्ध केले. शाईत जनावरांची चरबी असते या समजुतीमुळे सनातनी मंडळी छापील पोथीला शिवत नसत. म्हणून त्यांनी तुपाची शाई वापरल्याचे सांगितले जाते. जावजींना कामाला सुरुवात करताना लाभलेला वारसा हा असा होता. कारागिरांची परंपरा होती आणि छापखानेही होते; पण सुबक देवनागरी खिळे मुबलक मिळतील अशी सोय नव्हती आणि छापील धर्मग्रंथाविषयीचा संशय पुरता मावळलेला नव्हता.

बालपण आणि उमेदवारी

जावजींचा जन्म मुंबईतील उमरखाडी भागात एका गरीब कुटुंबात झाला. वडिलांचे छत्र लवकर हरपल्यामुळे त्यांना लहान वयातच कमाईसाठी बाहेर पडावे लागले. वयाच्या दहाव्या वर्षाच्या सुमारास ते अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे घासण्याच्या कामावर दरमहा दोन रुपये पगारावर लागले. साच्यातून निघालेल्या खिळ्याला चिकटून आलेला जादा धातू काढून त्याच्या बाजू दगडावर घासून सपाट करणे, हे छापखान्यातील अगदी खालच्या पायरीचे काम होते. परंतु या कामात हजारो खिळे बोटांखालून जात. एखादा खिळा केसभर जाड राहिला तर सबंध ओळ वाकडी होते आणि केसभर बारीक झाला तर तो ओळीत हलतो, ही जाण जावजींना येथे पुस्तकावाचून मिळाली.

ग्रॅहम यांच्या हाताखाली त्यांनी ओतकामाचे बारकावे आत्मसात केले. पुढे टाइम्स ऑफ इंडिया, इंदुप्रकाश आणि ओरिएंटल या छापखान्यांत त्यांनी नोकरी केली. या काळात इंग्रजी छपाईची शिस्त आणि देशी भाषांतील छपाईच्या अडचणी या दोन्ही गोष्टी त्यांना जवळून पाहता आल्या.

खिळ्यांचा कारखाना

१८६४ मध्ये, वयाच्या पंचविशीत, जावजींनी खिळे ओतण्याचा स्वतःचा कारखाना काढला. या उद्योगात राणोजी रावजी आरू हे कुशल कारागीर त्यांच्या सोबत होते. त्या वेळी अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाचे भाव चढले होते आणि मुंबईत पैशाचा महापूर आला होता. पुढच्याच वर्षी युद्ध संपले, भाव कोसळले आणि शहरातील अनेक पेढ्या व कंपन्या बुडाल्या. जावजींचा धंदा मात्र सट्ट्यावर उभा नव्हता. वृत्तपत्रे, शाळांची क्रमिक पुस्तके आणि मासिके वाढत होती. त्या सर्वांना खिळे हवे होते.

देवनागरी खिळा घडविणे हे अतिशय सावकाशीचे काम होते. प्रथम पोलादाच्या लहान कांबीच्या टोकावर अक्षर उलटे कोरले जाई. कानशीने व टोचणीने धातू कणाकणाने काढावा लागे. एकदा जास्त निघालेला कण परत बसविता येत नसे. मधूनमधून टोकावर काजळी धरून कागदावर ठसा उमटवून अक्षराचे वळण पारखले जाई. कोरीव काम मनासारखे झाल्यावर कांब तापवून पोलादाला पाणी दिले जाई. हा कठीण झालेला ठसा तांब्याच्या तुकड्यावर ठोकला की त्यात अक्षराचा खोलगट साचा, म्हणजे मातृका, तयार होई. मातृकेची खोली व बाजू मोजून तासल्यानंतर ती हातसाच्यात बसवीत आणि शिसे, अँटिमनी व कथील यांचा वितळलेला रस पळीने ओतीत. शेवटी खिळा घासून ठरावीक उंचीचा केला जाई. जावजी लहानपणी करीत असलेले काम ते हेच.

रोमन लिपीला सव्वीस अक्षरांच्या लहान व मोठ्या रूपांत भागविता येते. देवनागरीत व्यंजने, स्वर, काना, मात्रा, वेलांट्या, उकार, रफार, अनुस्वार आणि असंख्य जोडाक्षरे यांमुळे एका संचाला कित्येक शे ठसे लागत. संस्कृतसाठी ही संख्या आणखी वाढे, कारण मराठीत क्वचित येणारी जोडाक्षरे संस्कृतात पदोपदी येतात. ही संख्या आवरण्यासाठी मुंबईत वरची चिन्हे, मधले अक्षर आणि खालची चिन्हे वेगवेगळ्या खिळ्यांवर घेण्याची डिग्री पद्धत रूढ होती. तीत खिळे कमी लागत. मात्र जुळारीला एकेका ओळीसाठी तीन थर जुळवावे लागत आणि मात्रा अक्षरापासून सुटून दिसण्याची भीती असे. अखंड पद्धतीत अक्षर व चिन्ह एकजीव राहत. पण खिळ्यांची संख्या आणि कोरण्याचे कष्ट कितीतरी वाढत. बारीक अक्षरातही शिरोरेषा सलग राहावी, जोडाक्षराची घडण पोथीतल्यासारखी ओळखू यावी आणि पान काळवंडू नये, यांवर जावजी व राणोजी यांनी भर दिला. त्यांचे खिळे इतर छापखान्यांकडेही जाऊ लागले आणि देवनागरी छपाईत त्यांचे वळण ओळखीचे झाले.

निर्णयसागर छापखाना

केवळ खिळे विकून अक्षराची शोभा सिद्ध होत नाही. ते पानावर कसे उमटते हे छपाईवर अवलंबून असते. १८६९ मध्ये जावजींनी निर्णयसागर छापखाना सुरू केला. मुंबईच्या काळबादेवी भागातील कोलभाट गल्लीतील हा पत्ता पुढे संस्कृत ग्रंथांच्या मुखपृष्ठांवरून देशभर पोहोचला. ठसे कोरणे, खिळे ओतणे, जुळणी, छपाई आणि प्रकाशन ही कामे एकाच मालकाच्या नजरेखाली आल्यामुळे येथे एक मोठी सोय झाली. ग्रंथात एखादे अपरिचित जोडाक्षर आले, तर जवळच्या चिन्हावर भागवून न घेता ते कोरून घेता येई.

छापखान्याचे निर्णयसागर पंचांग घराघरांत गेले. विनायक कोंडदेव ओक यांचे बालबोध हे मुलांसाठीचे मासिक १८८१ पासून येथे छापले जाऊ लागले. स्वच्छ, ठसठशीत अक्षरांतील या मासिकाने मराठी मुलांच्या एका पिढीला वाचनाची गोडी लावली. जुन्या मराठी कवींच्या रचना छापून सुरक्षित करण्याच्या कामालाही या छापखान्याचा हातभार लागला.

संस्कृत ग्रंथप्रकाशन

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात संस्कृत वाङ्मयाची मोठी अडचण दुर्मीळपणाची होती. अनेक काव्ये, नाटके व अलंकारग्रंथ हस्तलिखितांच्या रूपात घराण्यांच्या दप्तरांत किंवा संस्थानिकांच्या पोथीशाळांत पडून होते. वाळवी, दमट हवा आणि नक्कल करणाऱ्यांच्या चुका यांमुळे त्यांचा ऱ्हास होत होता. सरकारी ग्रंथमालेतून काही चिकित्सक आवृत्त्या निघत होत्या. पण त्यांची व्याप्ती मर्यादित होती.

जावजींनी या कामासाठी पंडितांना आपल्या छापखान्याशी जोडून घेतले. काशीनाथ पांडुरंग परब यांनी येथून कालिदासादी कवींच्या कृती टीकांसह संपादित केल्या. सुभाषितरत्नभांडागार हा त्यांनी संकलित केलेला सुभाषितांचा प्रचंड संग्रहही निर्णयसागरचाच. १८८६ मध्ये जयपूरचे पंडित दुर्गाप्रसाद आणि परब यांच्या संपादकत्वाखाली काव्यमाला ही ग्रंथमाला सुरू झाली. तिच्यात मोठे ग्रंथ स्वतंत्रपणे आणि लहान काव्ये गुच्छक या नावाने एकत्र छापली जात. असे चौदा गुच्छक निघाले. एरवी केवळ नावाने माहीत असलेल्या कित्येक कृती या मालेमुळे प्रथमच वाचकांच्या हाती आल्या.

या आवृत्त्यांच्या शुद्धतेचे श्रेय जसे पंडितांकडे जाते, तसेच ते कारागिरांकडेही जाते. वर मूळ श्लोक मोठ्या अक्षरांत, खाली टीका मध्यम अक्षरांत आणि तळाशी पाठभेद बारीक अक्षरांत, अशी पानाची मांडणी वेगवेगळ्या आकारांचे पूर्ण संच हाताशी असल्याशिवाय शक्य नव्हती. संपादकाने शोधलेला पाठ वाचकापर्यंत अचूक पोहोचण्यासाठी जुळारीची नजर आणि खिळ्याची धार दोन्ही निर्दोष असावी लागत.

मृत्यू आणि नंतरचा काळ

५ एप्रिल १८९२ रोजी जावजींचे निधन झाले. त्यानंतर त्यांचे पुत्र तुकाराम जावजी यांनी छापखाना चालविला. पुढील काळातील ग्रंथांवर पांडुरंग जावजी यांचे नाव आढळते. वासुदेव लक्ष्मणशास्त्री पणशीकर, नारायण राम आचार्य यांसारख्या संपादकांनी ही परंपरा पुढे नेली. यादवजी त्रिकमजी आचार्य यांनी संपादित केलेल्या चरकसंहिता व सुश्रुतसंहिता यांच्या निर्णयसागर आवृत्त्या आयुर्वेदाच्या अभ्यासकांत प्रमाण मानल्या गेल्या.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात छायाजुळणी व नंतर संगणक आल्यावर धातूच्या खिळ्यांचा काळ संपला. पोलादावर अक्षर कोरणाऱ्यांची विद्या हातातून हातात जाणारी होती. शिकणारे हात उरले नाहीत तशी ती थांबली. निर्णयसागरच्या जुन्या आवृत्त्या मात्र वापरात राहिल्या. दिल्ली व वाराणसी येथील प्रकाशकांनी त्यांपैकी अनेक ग्रंथ पुन्हा न जुळविता मूळ पानांची छायाचित्रे घेऊन छापले. त्यामुळे आज संस्कृतचा विद्यार्थी अशी पुनर्मुद्रित प्रत वाचतो, तेव्हा मुंबईच्या या कारखान्यात कोरलेली आणि ओतलेली अक्षरेच त्याच्या डोळ्यांसमोर असतात.

पु. बा. कुलकर्णी यांनी निर्णयसागरची अक्षरसाधना या ग्रंथात जावजींचे चरित्र लिहिले आहे.