अमेरिकन कम्प्युटरची नक्कल नको म्हणून ते भांडले, पुढं त्यांच्याच कम्प्युटरची नक्कल करावी लागली

मुंबईतल्या पवईत १९५८ साली आयआयटी उभी राहिली ती युनेस्कोमार्फत मिळालेल्या सोव्हिएत मदतीतून. त्यामुळं तिथं सुरुवातीच्या काळात आलेले मोठे कम्प्युटर पण सोव्हिएतच होते. आधी मिन्स्क-२ आला आणि मग १९७० च्या दशकात ईसी-१०३०.

आता गंमत बघा. ईसी-१०३० तयार झाला होता सोव्हिएत कारखान्यात, पण त्याला कळणारे आदेश होते अमेरिकेच्या आयबीएम कंपनीच्या मशीनचे. म्हणजे ज्या देशाचं अमेरिकेशी शीतयुद्ध चालू होतं, त्याच देशानं आपला नवा कम्प्युटर अमेरिकेच्या जुन्या कम्प्युटरशी जुळवून घेतला होता.

हे होऊ नये म्हणून मॉस्कोत एक माणूस ठामपणे विरोधात उभा होता. त्यांचं नाव सर्गेई लेबेदेव. सोव्हिएत कम्प्युटरचे जनक म्हणून आजही त्यांचं नाव घेतलं जातं.

विजेच्या तारांपासून सुरुवात

लेबेदेव यांचा जन्म २ नोव्हेंबर १९०२ चा, निझनी नोवगोरोद शहरातला. आईवडील दोघंही शिक्षक. बहीण तात्याना माव्रिना पुढं मोठी चित्रकार झाली, तिला बालसाहित्यातलं हान्स ख्रिश्चन अँडरसन पारितोषिक पण मिळालं.

सर्गेई मात्र वळले इंजिनिअरिंगकडं. १९२८ साली मॉस्कोतून डिग्री घेतली आणि पुढची जवळपास वीस वर्षं विजेच्या जाळ्यावर काम केलं. शेकडो किलोमीटर लांब लाईनवर अचानक लोड वाढला तर सगळी यंत्रणा कोसळणार की टिकणार, हा त्यांचा विषय. दुसऱ्या महायुद्धात त्यांनी रणगाड्याची तोफ चालताना स्थिर ठेवणारी यंत्रणा तयार केली.

या सगळ्या कामात एकच गोष्ट आडवी यायची, ती म्हणजे आकडेमोड. हातानं करायला गेलं तर महिनेच्या महिने जायचे. त्यातूनच आकडेमोड करणारं मशीन बनवण्याचा विचार पक्का झाला.

छत काढून चालवलेला कम्प्युटर

१९४६ मध्ये लेबेदेव कीव्हला गेले. शहराबाहेर फिओफानिया नावाच्या भागात त्यांच्या टीमला एक जुनी दुमजली इमारत मिळाली. युद्धात तिची पार वाट लागली होती. तिथंच १९४८ च्या सुमारास कम्प्युटरचं काम सुरू झालं.

मशीनमध्ये सुमारे ६,००० व्हॅक्यूम ट्यूब होत्या. चालू केलं की खोलीची भट्टी व्हायची. शेवटी उष्णता बाहेर जावी म्हणून छताचा काही भागच काढून टाकला. ६ नोव्हेंबर १९५० रोजी पहिली चाचणी झाली आणि डिसेंबर १९५१ मध्ये मशीन रीतसर कामाला लागलं. नाव होतं मेस्म. वेग होता सेकंदाला साधारण ५० क्रिया. आज हे ऐकून हसू येईल, पण युरोपच्या मुख्य भूमीवरच्या अगदी पहिल्या कम्प्युटरांपैकी हा एक होता.

त्यानंतर ते मॉस्कोला आले आणि बेस्म हा मोठा कम्प्युटर बनवला. १९५३ मध्ये ते तिथल्या कम्प्युटर संस्थेचे संचालक झाले. १९५५ मध्ये जर्मनीतल्या डार्मश्टाट शहरातल्या परिषदेत त्यांनी बेस्मची माहिती दिली, तेव्हा पाश्चात्त्य शास्त्रज्ञ चकित झाले. कारण त्या काळात हे युरोपातलं सगळ्यात वेगवान मशीन होतं.

जुन्याशी जुळणारं नवं मशीन

आता मुद्द्याची गोष्ट. नवीन फोन घेतला तरी जुनी ॲप्स चालतात, यात आज कुणाला काही विशेष वाटत नाही. पण त्या काळी प्रत्येक कम्प्युटरची भाषा वेगळी असायची. कुणाचा शब्द ४५ बिटचा, कुणाचा ४८ बिटचा. आदेशांची यादीही वेगळी. मशीन बदललं की प्रोग्राम पुन्हा पहिल्यापासून लिहायचा.

लेबेदेव यांच्या संस्थेनं या प्रश्नावर स्वतःच एक उत्तर काढलं होतं. १९५८ साली त्यांचा एम-२० कम्प्युटर आला, व्हॅक्यूम ट्यूबवर चालणारा. मग ट्रान्झिस्टरचा जमाना आल्यावर त्याच संस्थेत बेस्म-४ तयार झाला. आतले भाग बदलले, पण आदेशांची यादी एम-२० चीच ठेवली. त्यामुळं एम-२० साठी लिहिलेले प्रोग्राम नव्या मशीनवर चालू शकले.

म्हणजे जुन्याशी जुळणारं मशीन बनवायला लेबेदेव यांचा विरोध नव्हताच. त्यांना खटकणारी गोष्ट वेगळी होती.

आयबीएमनं डाव पलटवला

७ एप्रिल १९६४ रोजी आयबीएमनं सिस्टीम-३६० जाहीर केली. हे एक मशीन नव्हतं, लहानापासून मोठ्यापर्यंत मशीनचं अख्खं कुटुंब होतं. छोट्यावर लिहिलेला प्रोग्राम मोठ्यावर पण चालणार. बघता बघता तिच्यासाठी सॉफ्टवेअरचा ढीग तयार झाला.

इकडं सोव्हिएत संघात एकमेकांशी न जुळणारी डझनभर मशीन होती आणि सॉफ्टवेअर लिहिणारे कमी. मग सरकारदरबारी विचार सुरू झाला की आपणही ३६० शी जुळणारं मशीन बनवू. हार्डवेअर आपलं, आदेशांची यादी त्यांची. तयार सॉफ्टवेअर आयतं मिळेल, पूर्व युरोपातले मित्रदेशही एकाच मशीनवर येतील. कारखाने आणि सरकारी खाती चालवायची होती, त्यामुळं हा युक्तिवाद काही फालतू नव्हता.

लेबेदेव यांनी कडाडून विरोध केला. त्यांचं म्हणणं असं की दुसऱ्याचं मशीन समजून घेऊन, तसंच बनवून कारखान्यातून बाहेर काढेपर्यंत काही वर्षं जाणार. तोवर मूळ कंपनी पुढं गेलेली असणार. शिवाय आयबीएम काही मदतीला येणार नव्हती. म्हणजे आत काय चाललंय ते आपल्यालाच शोधत बसायचं आणि आपले इंजिनिअर नवं काही शोधायचंच विसरणार. बाहेरच्यांशी हातमिळवणी करायचीच असेल तर ब्रिटनच्या आयसीएल कंपनीसोबत मिळून पुढच्या पिढीचं मशीन बनवू, असं त्यांच्या बाजूच्या मंडळींचं मत होतं.

हे बोलताना त्यांच्या हातात पुरावा पण होता. त्यांचा बेस्म-६ नुकताच तयार झाला होता. सुमारे ६०,००० ट्रान्झिस्टर आणि वेग सेकंदाला साधारण १० लाख क्रिया. एक आदेश पूर्ण व्हायच्या आत पुढच्या आदेशांवर काम सुरू व्हायचं, नळात पाणी सलग वाहावं तसं. म्हणून लेबेदेव याला नळाचं तत्त्व म्हणायचे.

पण उपयोग झाला नाही. डिसेंबर १९६९ मध्ये ३६० च्या बाजूनं शिक्कामोर्तब झालं. सोव्हिएत संघ आणि पूर्व युरोपातल्या देशांनी मिळून ईएस नावाची कम्प्युटरची मालिका काढायची ठरवली. पवईत आलेला ईसी-१०३० याच मालिकेतला.

आणि लेबेदेव म्हणाले होते तसंच झालं. जून १९७० मध्ये आयबीएमनं सिस्टीम-३७० जाहीर केली. ईएस मालिकेचं पहिलं मशीन तेव्हा कारखान्यातून बाहेर पण पडलं नव्हतं. पुढं ईएस मशीन हजारोंच्या संख्येनं बनली, त्यांनी मोठं काम पण केलं, पण आयबीएमच्या मागून धावणं काही सुटलं नाही.

शेवट मात्र वेगळाच झाला

आजारपणामुळं १९७३ मध्ये लेबेदेव यांनी संचालकपद सोडलं. ३ जुलै १९७४ रोजी मॉस्कोत त्यांचं निधन झालं. त्यांच्या संस्थेला आता त्यांचंच नाव आहे.

बेस्म-६ मात्र थांबला नाही. त्याचं उत्पादन १९८७ पर्यंत चाललं आणि ३५५ मशीन तयार झाली. १९७५ च्या अपोलो-सोयूझ या अमेरिका आणि सोव्हिएत संघाच्या संयुक्त अंतराळ मोहिमेतही तो वापरला गेला. एक बेस्म-६ आज लंडनच्या सायन्स म्युझियमच्या संग्रहात आहे.

आणि मग आली खरी गंमत. मोठमोठ्या प्रयोगशाळांकडं बेस्म-६ साठी लिहिलेल्या प्रोग्रामचा एवढा साठा झाला की तो टाकून देणं कुणालाच परवडेना. मशीन तर म्हातारं झालेलं. मग लेबेदेव यांच्याच संस्थेत, त्यांच्या माघारी, एल्ब्रुस मालिकेत एल्ब्रुस-१के२ नावाचा कम्प्युटर तयार झाला. ट्रान्झिस्टरच्या जागी इंटिग्रेटेड सर्किट आले, वेग कितीतरी वाढला, मेमरी वाढली. पण जुन्या प्रोग्रामसाठी आदेशांची यादी तीच ठेवली, बेस्म-६ ची.

१९९६ मध्ये अमेरिकेतल्या आयईईई कम्प्युटर सोसायटीनं लेबेदेव यांना मरणोत्तर कम्प्युटर पायोनियर सन्मान दिला. ज्या अमेरिकेच्या मशीनची नक्कल करायला त्यांनी नकार दिला होता, तिथल्याच इंजिनिअरांनी त्यांचं स्वतःचं काम मान्य केलं.