ड्यूक कहानामोकू आणि कुलूप लागलेला तलाव

होनोलुलू शहरात, वायकीकीच्या किनाऱ्यावर, समुद्रातच भिंती घालून बांधलेला एक जलतरण तलाव आहे. २४ ऑगस्ट १९२७ रोजी त्याचे उद्घाटन झाले आणि पहिली उडी ड्यूक कहानामोकू यांनी मारली. त्या दिवशी त्यांना ३७ वर्षे पूर्ण झाली होती. तीन ऑलिंपिक सुवर्णपदके त्यांच्या नावावर होती आणि हवाई बेटांत त्यांना ओळखत नाही असा माणूस सापडला नसता. तो तलाव १९७९ साली बंद झाला. तेव्हापासून तो दुरुस्त करावा की पाडावा, हा वाद तिथे चालू आहे. या माणसाचे आयुष्य आणि त्या तलावाची कहाणी एकत्रच सांगायला हवी, म्हणून हा लेख.

ड्यूक यांचा जन्म २४ ऑगस्ट १८९० चा. हवाई तेव्हा स्वतंत्र राज्य होते. 'ड्यूक' ही त्यांची पदवी नव्हती, ते त्यांचे पाळण्यातले नाव. १८६९ साली व्हिक्टोरिया राणीचा मुलगा, एडिंबरोचा ड्यूक, हवाईला आला होता. त्याची आठवण म्हणून ड्यूक यांच्या वडिलांचे नाव तसे ठेवले गेले आणि वडिलांचेच नाव पुढे थोरल्या मुलाला मिळाले. वडील पोलिसात नोकरीला होते. ड्यूक अडीच वर्षांचे असताना, १८९३ च्या जानेवारीत, हवाईच्या राणीचे राज्य उलथवले गेले आणि १८९८ साली बेटे अमेरिकेत सामील झाली. म्हणजे शाळेत जाण्याच्या वयात या मुलाचा देशच बदलला होता.

घर वायकीकीला, समुद्राच्या अगदी जवळ. आपल्याकडे पाठीला भोपळा किंवा डबा बांधून विहिरीत सोडत, तसे ड्यूक यांना वडिलांनी आणि काकांनी होडीतून थेट लाटांत टाकले होते, असे ते पुढे सांगत. शिक्षण पुरे झाले नाही. घरच्या मिळकतीला हातभार लावण्यासाठी त्यांनी शाळा सोडली. शाळेच्या स्मरणिकेत हे लिहिताना थोडे विचित्र वाटते, पण खरे ते खरे. उरलेला वेळ पाण्यात जाई. कोआ या तिथल्या लाकडाची १६ फूट लांब आणि ११४ पौंड, म्हणजे साधारण ५२ किलो वजनाची फळी घेऊन ते लाटांवर स्वार होत.

ऑगस्ट १९११ मध्ये होनोलुलूत पहिली अधिकृत जलतरण स्पर्धा झाली. तलाव नव्हता, म्हणून ती बंदरात, दोन धक्क्यांच्या मधल्या पाण्यात भरवली. ड्यूक यांनी १०० यार्ड अंतर ५५.४ सेकंदांत कापले. तेव्हाच्या विक्रमापेक्षा ही वेळ ४.६ सेकंदांनी कमी होती. पोहण्यात एका दशांश सेकंदासाठी माणसे वर्षभर घाम गाळतात, तिथे साडेचार सेकंद! मुख्य भूमीवरच्या क्रीडा संघटनेचा विश्वासच बसला नाही. घड्याळे चुकली असतील, पाण्याच्या प्रवाहाने ढकलले असेल, अशा शंका निघाल्या. अंतर पुन्हा मोजूनही त्या विक्रमाला मान्यता मिळाली नाही.

मग होनोलुलूच्या लोकांनी वर्गणी काढून त्यांना अमेरिकेला पाठवले. तिथे एक वेगळीच अडचण उभी राहिली. समुद्रात वाढलेल्या या पोहणाऱ्याला बंदिस्त तलावाची सवय नव्हती. थंड पाण्यात पायात गोळे आले. भिंतीला पाय लावून वळण घेणे जमत नव्हते, कारण समुद्राला भिंत नसते. पिट्सबर्गच्या स्पर्धेत २२० यार्डांची शर्यत त्यांना गोळ्यांमुळे अर्धवट सोडावी लागली. काही आठवड्यांत त्यांनी वळण शिकून घेतले आणि ऑलिंपिक संघात जागा मिळवली.

१९१२ चे ऑलिंपिक स्टॉकहोमला होते. पोहण्याच्या शर्यती समुद्राच्या खाडीत आखलेल्या १०० मीटरच्या मार्गावर झाल्या. मात्र उपांत्य फेरीच्या वेळेबद्दल गैरसमज झाला आणि ड्यूक आणि त्यांचे अमेरिकी सहकारी पाण्यात उतरलेच नाहीत. नियमाने ते बाद होते. त्यांना संधी मिळावी म्हणून जे उभे राहिले, त्यांत ऑस्ट्रेलियाचा सेसिल हीली होता. ड्यूक बाहेर राहिले असते, तर सुवर्णपदकावर सर्वांत मोठा दावा हीलीचाच होता. जादा फेरी घेण्यात आली, ड्यूक अंतिम फेरीत पोहोचले आणि पहिले आले. हीली दुसरा आला. पुढे पहिले महायुद्ध झाले आणि ऑगस्ट १९१८ मध्ये हीली फ्रान्समध्ये लढताना मारला गेला. ड्यूक यांनी १९२७ साली ज्या तलावात पहिली उडी घेतली, तो याच महायुद्धाचे स्मारक आहे, हे लक्षात ठेवा.

१९१४ च्या शेवटी ड्यूक ऑस्ट्रेलियाला गेले. सिडनीजवळच्या फ्रेशवॉटर किनाऱ्यावर त्यांनी लाकडाची फळी तासून लाटांवर उभे राहून दाखवले. ती फळी आजही तिथल्या क्लबने जपून ठेवली आहे. १९१६ चे ऑलिंपिक युद्धामुळे झालेच नाही. ऐन उमेदीची आठ वर्षे निघून गेली आणि १९२० साली अँटवर्पला ते पुन्हा उतरले. १०० मीटरची अंतिम शर्यत त्यांनी तिसाव्या वाढदिवशी जिंकली. ऑस्ट्रेलियाने हरकत घेतल्यामुळे ती पुन्हा घ्यावी लागली, तर त्यांनी ती पुन्हा जिंकली. सांघिक शर्यतीतही सुवर्ण मिळाले. त्या १०० मीटरमध्ये पहिले तिन्ही क्रमांक हवाईच्या पोहणाऱ्यांचे होते. १९२४ ला पॅरिसमध्ये जॉनी वाइसमुलर या विशीच्या पोराने त्यांना हरवले. ड्यूक दुसरे आले आणि त्यांचा धाकटा भाऊ सॅम तिसरा.

पदकांनी पोट भरत नव्हते. हौशी खेळाडूने पोहण्याचे पैसे घ्यायचे नाहीत, असा तेव्हाचा नियम होता. ड्यूक हॉलिवूडला गेले. तिथे त्यांना कधी रेड इंडियन सरदार, कधी बेटावरचा राजा अशा छोट्या भूमिका मिळत. पण कॅलिफोर्नियात त्यांनी केलेले सर्वांत मोठे काम पडद्यावरचे नव्हते. १४ जून १९२५ रोजी न्यूपोर्ट बीचजवळ 'थेल्मा' नावाची मासेमारीची बोट उंच लाटांत उलटली. ड्यूक किनाऱ्यावर होते. फळी घेऊन ते पुन्हा पुन्हा आत गेले आणि आठ जणांना घेऊन आले. सतरा जण बुडाले, बारा वाचले आणि त्या बारांतले आठ ड्यूक यांनी आणलेले. पुढे किनाऱ्यावरचे जीवरक्षक अशी फळी जवळ बाळगू लागले.

आता तलावाकडे येऊ. पहिल्या महायुद्धात हवाईहून सुमारे १०,००० जण सैन्यात गेले होते आणि शंभराहून अधिक परतले नाहीत. त्यांचे स्मारक कसे असावे, यावर बरीच चर्चा झाली. पुतळा किंवा स्तंभ हा सोपा मार्ग होता. १९२१ च्या कायद्याने ठरले ते वेगळेच: स्मारकात किमान १०० मीटर लांबीचा पोहण्याचा तलाव असेल. सॅन फ्रान्सिस्कोचे वास्तुविशारद लुईस होबार्ट यांचा आराखडा निवडला गेला. दर्शनी बाजूला भव्य कमान, तिच्यामागे पायऱ्यांची प्रेक्षागॅलरी आणि तिच्यासमोर समुद्राच्या पाण्याचा तलाव. ज्या बेटांवरचे लोक पोहूनच जगाला माहीत झाले, त्यांनी आपल्या मृतांसाठी पोहण्याची जागा बांधली. मेलेल्यांच्या नावाने पुढची पिढी तिथे पाण्यात उतरेल, ही त्यामागची कल्पना मला फार आवडते.

उद्घाटनाच्या स्पर्धेला वाइसमुलर आला होता. पुढे पडद्यावर टारझन झालेला तो हाच. हवाईत वाढलेला बस्टर क्रॅबही तिथे पोहला. त्याने १९३२ साली ऑलिंपिक सुवर्ण मिळवले. पण माझ्या मते या तलावाचे खरे काम स्पर्धांचे नव्हते. होनोलुलूच्या प्राथमिक शाळांतली मुले पिढ्यान्‌पिढ्या इथे पोहायला शिकली. बेटावर राहणाऱ्या मुलाला पोहता येणे म्हणजे जीव वाचणे.

ड्यूक यांचे पुढचे आयुष्य त्याच शहरात गेले. काही काळ पेट्रोल पंप चालवला, नगर-इमारतीच्या देखभालीची नोकरीही केली. जगज्जेत्या माणसाने झाडलोटीवर देखरेख करावी याचे लोकांना वाईट वाटे. १९३४ साली ते होनोलुलूचे शेरिफ म्हणून निवडून आले आणि पंचवीसहून अधिक वर्षे लोक त्यांनाच निवडून देत राहिले. १९४० साली नदीन यांच्याशी लग्न झाले. उतारवयात ते राज्याचे अधिकृत स्वागतकर्ते होते. २२ जानेवारी १९६८ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. अस्थी वायकीकीच्याच समुद्रात सोडल्या.

तलाव तोवर खिळखिळा झाला होता. याचे कारण समजायला अभियांत्रिकीची पदवी लागत नाही. खाऱ्या पाण्यातला क्षार काँक्रीटमध्ये झिरपतो आणि आतल्या लोखंडी सळ्या गंजवतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे काँक्रीट आतून फुटते. फुटले की आणखी पाणी शिरते. आपल्या कोकणातल्या किनाऱ्यालगतच्या इमारतींत हेच दिसते. दुसरे दुखणे पाण्याचे. समुद्राच्या बाजूच्या भिंतीत झरोके होते, पण त्यांतून पुरेसे पाणी खेळत नसे. तळाशी गाळ साचे, पाणी गढूळ होई. वेळच्या वेळी डागडुजी झाली असती तर दोन्ही दुखणी आटोक्यात राहिली असती. ती झाली नाही.

१९७० च्या दशकाच्या सुरुवातीला सरकारने तलाव पाडायचे ठरवले, तेव्हा नागरिक न्यायालयात गेले आणि १९७३ साली हवाईच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तो वाचला. पाडणे थांबले, दुरुस्ती मात्र सुरू झाली नाही. १९७९ ला तलाव बंद झाला आणि १९८० ला राष्ट्रीय ऐतिहासिक वास्तूंच्या यादीत गेला. एका वर्षात कुलूपही लागले आणि सन्मानही मिळाला. तलाव वाचवू पाहणाऱ्या नागरिकांनी संघटना बांधली, सभा घेतल्या, पाठपुरावा केला. अखेर महापालिकेने काम हाती घेतले आणि २००० साली कमान, दर्शनी भिंत आणि प्रेक्षागॅलरी नव्यासारखी झाली. तलावाचे काम दुसऱ्या टप्प्यात होणार होते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या तलावाला सार्वजनिक तलावाचे आरोग्यनियम लागू होतात की नाही, यावर आधीच कोर्टकचेरी झाली होती. पुढे महापौर बदलले आणि २००५ साली काम थांबवण्यात आले. रस्त्यावरून पाहणाऱ्याला स्मारक झळझळीत दिसते. कमानीमागे जाऊन पाहिले तर ढासळलेले कट्टे आणि कुलूप.

पाडा म्हणणारेही काही वेडे नाहीत. त्या जागी सर्वांना खुली वाळू हवी, गर्दी वाढू नये, खर्च झेपत नाही, हे त्यांचे मुद्दे आहेत. पण त्यातही मेख आहे. शेजारच्या कैमाना किनाऱ्याची वाळू याच तलावाच्या भिंतींमुळे टिकून आहे. भिंती काढल्या तर वाळू अडवायला नवे बांध घालावे लागतील. २०१९ च्या पर्यावरण अहवालात एक मधला मार्ग सुचवला गेला: समुद्राच्या बाजूच्या भरीव भिंती काढायच्या, खांबांवर कट्टा बांधायचा आणि त्याखालून समुद्र मोकळा आत-बाहेर येऊ द्यायचा. पाणी वाहते राहिले की गाळ साचत नाही आणि बंद तलावाचे नियमही आड येत नाहीत. उपाय सुंदर आहे. वाद मात्र त्या अहवालाने संपला नाही.

ड्यूक यांचा एक ब्राँझचा पुतळाही वायकीकीला आहे, १९९० साली बसवलेला. लोक रोज त्याच्या गळ्यात फुलांचे हार घालतात. पण तो समुद्राकडे पाठ करून उभा आहे. लाटांवर वाढलेला माणूस समुद्राला पाठ दाखवत नाही, अशी तिथल्या जुन्या लोकांची तक्रार आहे. तिकडे कमान दुरुस्त होते आणि तलाव राहतो, इकडे रस्त्यावरून चेहरा दिसावा म्हणून पुतळा वळवला जातो. दोन्हीकडे सोय पाहिली गेली ती बघणाऱ्यांची.

मित्रमैत्रिणींनो, आपल्या बॅचच्या वर्गणीतून शाळेला काय द्यायचे यावर गटावर चाललेली चर्चा तुम्ही सारे वाचता आहात. प्रवेशद्वाराला कमान हवी, असे बऱ्याच जणांचे मत आहे. मी कमानीच्या विरोधात नाही, तिच्याखालून फोटो मीही काढीन. पण मुलींच्या स्वच्छतागृहाचे नळ आणि प्रयोगशाळेचे ओटे आधी, असे माझे म्हणणे आहे. आणि जे काही देऊ, त्याच्या देखभालीची सोय त्याच दिवशी व्हावी. वीस वर्षे सॉफ्टवेअरमध्ये काम करून एवढे कळले आहे की नवे बांधायला माणसे धावतात, चालू ठेवायला कोणी सापडत नाही. म्हणून माझा प्रस्ताव असा: जमलेल्या रकमेचा एक तृतीयांश भाग मुदतठेवीत ठेवावा, त्याचे व्याज फक्त दुरुस्तीला वापरावे, आणि दर जूनमध्ये आपल्यापैकी दोघांनी शाळेत जाऊन नळ सोडून पाहावेत. पहिल्या जूनसाठी मी माझे नाव देते. दुसरे नाव हवे आहे.