अंगावरच्या फोडांनी हैराण झालेला राजा, ज्याच्यामुळं बल्लारपूर आणि चंद्रपूर अशी दोन शहरं उभी राहिली

दिल्लीहून चेन्नईकडं जाणारी गाडी महाराष्ट्र सोडून तेलंगणात शिरायच्या आधी एका मोठ्या जंक्शनवर थांबते. स्टेशनवर पाटी असते बल्लारशाह. खाली उतरून रिक्षावाल्याला गाव विचारलं तर तो सांगतो बल्लारपूर.

नवख्या माणसाला वाटतं ही दोन वेगळी गावं आहेत. पण गाव एकच आहे आणि दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत. गोंड राजा खांडक्या बल्लाळशाह.

आज बल्लारपूर म्हटलं की लोकांना पेपर मिल आठवते, कोळशाच्या खाणी आठवतात, सागवानाचा डेपो आठवतो. पण हे सगळं यायच्या कित्येक शतकं आधी या गावाला राजधानीचा मान होता. आणि त्याचं कारण होतं राजाचा आजार.

चांद्याच्या गोंड घराण्याची सुरुवात भीम बल्लाळसिंह या राजापासून झाली असं मानतात. तेव्हा राजधानी होती वर्धा नदीच्या पलीकडं, सिरपूरला. हे सिरपूर आज तेलंगणात येतं. याच घराण्यातल्या सुरजा बल्लाळसिंहापासून राजांच्या नावामागं शाह लागायला लागलं. त्याच्या मागोमाग साधारण पंधराव्या शतकात गादीवर आला बल्लाळशाह.

या राजाच्या अंगभर फोड आणि गाठी होत्या. मराठीत मोठ्या गळवाला खांडूक म्हणतात. त्यावरून लोकांनी राजाचं नाव पाडलं खांडक्या, आणि इतिहासातही ते तसंच चिकटलं. वैद्य झाले, हकीम झाले, औषधं झाली, पण फरक पडेना.

इथं गोष्टीत येते त्याची राणी. परंपरेनं सांगितलेल्या प्रत्येक गोष्टीत ही बाई राजापेक्षा दोन पावलं पुढं दिसते. हवापाणी बदललं तर आराम पडेल म्हणून तिनं राजाला सिरपूर सोडायचा सल्ला दिला. राजानं ऐकलं. वर्धा ओलांडून उत्तरेच्या काठावर त्यानं किल्ला बांधला आणि मुक्काम हलवला. किल्ल्याभोवती वस्ती वाढली, तिला राजाचं नाव मिळालं. हेच बल्लारपूर.

जागा हलली, पण दुखणं काही हललं नाही.

पुढची गोष्ट चंद्रपूर जिल्ह्यातल्या पोरासोरांनाही पाठ असते. एकदा राजा शिकारीला निघाला आणि बल्लारपूरच्या उत्तरेला बराच लांब गेला. तहान लागली. झरपट नदीचं पात्र कोरडं होतं, पण एका खड्ड्यात थोडं पाणी झिरपत होतं. राजा ते प्याला, हातपाय आणि तोंड धुतलं आणि परत आला. त्या रात्री त्याला कित्येक वर्षांनी गाढ झोप लागली. सकाळी राणीनं बघितलं, तर जिथं जिथं पाणी लागलं होतं तिथले फोड गेले होते.

राणीनं लगेच ती जागा दाखवायला सांगितली. गवत आणि वाळू बाजूला केल्यावर खडकात गायीच्या खुरांसारखे पाच खळगे सापडले, पाण्यानं भरलेले. कितीही उपसलं तरी पाणी आटेना. राजानं तिथं आंघोळ केली आणि तो बरा झाला. पुढं त्याच जागी अंचलेश्वराचं मंदिर उभं राहिलं.

मंदिराचं काम बघायला राजाच्या फेऱ्या सुरू झाल्या. अशाच एका फेरीत त्याला अजब दृश्य दिसलं. कपाळावर पांढरा ठिपका असलेला एक ससा राजाच्या कुत्र्याच्या मागं लागला होता. कुत्रा जीव घेऊन पळतोय आणि ससा पाठलाग करतोय. मोठा वेढा घेऊन झाल्यावर शेवटी कुत्र्यानं उलटून सशाला मारलं.

राजानं घरी येऊन हे सांगितलं. राणीनं सांगितलं की हा शकुन आहे, ज्या वाटेनं ससा पळाला त्याच वाटेवर तटबंदी बांधा आणि आत शहर वसवा. राजानं पाया आखायला घेतला. हेच आपलं चंद्रपूर.

आता ही झाली दंतकथा. ससा खरा की खोटा, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न. पण नकाशा काढून बघितला की राणीची निवड किती पक्की होती ते कळतं. चंद्रपूर इरई आणि झरपट या दोन नद्यांच्या संगमाजवळ आहे. पाण्याची सोय झाली आणि शत्रूला अडवायला दोन बाजूंनी नद्याही मिळाल्या.

खांडक्याला हे शहर पूर्ण झालेलं बघायला मिळालं नाही. काम पुढच्या पिढ्यांनी नेलं. त्याच्यामागून आलेल्या हीरशाहनं बांधकाम पुढं रेटलं. जंगल तोडून शेती करणाऱ्याला जमीन आणि तलाव बांधणाऱ्याला त्या पाण्याखाली येणारी जमीन, असं धोरण त्यानं ठेवलं. तट पूर्ण व्हायला मात्र कित्येक दशकं लागली. सुमारे 11 ते 12 किलोमीटरचा हा तट आहे. जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा असे चार दरवाजे. बगड, हनुमान, विठोबा, चोर आणि मसान अशा पाच खिडक्या. दरवाजांवर हत्तीवर मात करणारा सिंह, म्हणजे गोंड राजांची खूण.

नवं शहर मोठं होत गेलं तसं बल्लारपूर मागं पडलं. पण या घराण्याचा शेवट पुन्हा तिथंच येऊन थांबला. 1751 मध्ये नागपूरच्या रघूजी भोसल्यांनी चांद्याचं राज्य घेतलं आणि शेवटचा राजा नीलकंठशाह याला बल्लारपूरच्या किल्ल्यात कैदेत ठेवलं. ज्या किल्ल्यात पूर्वज बरा व्हायला आला होता, त्याच किल्ल्यात वंशज कैदी झाला.

त्यानंतर गावाचा चेहरा बदलत गेला. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कोळशाची खाण आली. 1929 मध्ये काझीपेठ ते बल्लारशाह हा रेल्वेमार्ग पूर्ण झाला आणि दिल्ली थेट मद्रासला जोडली गेली. 1945 मध्ये कागद कारखान्याची कंपनी स्थापन झाली. कामासाठी तेलुगू, हिंदी, बंगाली बोलणारी माणसं आली आणि राजाची वस्ती कामगारांचं गाव झाली. 2018 मध्ये तर बल्लारशाह आणि चंद्रपूर ही दोन स्टेशनं देशातली सर्वात सुंदर स्टेशनं ठरली. कारण भिंतींवर रंगवलेले ताडोबाचे वाघ आणि इथलं जंगल.

आणि किल्ल्याचं काय?

चंद्रपूरच्या तटावर झाडंझुडपं माजली होती. 2017 पासून इको-प्रो या संस्थेच्या तरुणांनी श्रमदान करून बुरूज साफ करायला घेतले आणि लोकांना आपल्याच शहराची भिंत पुन्हा दिसली. जटपुरा दरवाजाजवळ आजही रोज ट्रॅफिक तुंबतं आणि दरवाजाचं करायचं काय, यावर वाद झडतात. बल्लारपूरचा किल्ला मात्र वर्धेच्या काठावर शांत पडून आहे. स्टेशनवर हजारो प्रवासी उतरतात, चहा पितात, गाडी बदलतात. किल्ल्याकडं वळणारे त्यातले थोडेच.

राजवाडे पडतात, कारखान्यांचे मालक बदलतात, खाणी कधीतरी रिकाम्या होतात. खांडक्या बल्लाळशाहचं नाव मात्र रोज स्टेशनच्या भोंग्यावरून पुकारलं जातं. पुढच्या वेळी गाडी तिथं थांबली आणि हातात दोन-तीन तास असले, तर नदीकाठच्या त्या दगडी तटापर्यंत नक्की जाऊन या.