सेकंडहँड गाडीचं इंजिन खोललं आणि त्यातून ‘रोल्स रॉयस’ उभी राहिली!

जुनी गाडी स्वस्तात मिळते म्हणून घ्यायची आणि महिनाभरात मेकॅनिकने इंजिन काम निघाल्याचं सांगायचं, हा अनुभव धामणगाव रेल्वेपासून मुंबईपर्यंत कुणालाच नवा नाही. इंजिन खाली उतरतं, पिस्टन-रिंगा, व्हॉल्व्ह, बेअरिंग बदलतात आणि खर्च गाडीच्या किमतीला जाऊन भिडतो. १९०३ च्या सुमारास इंग्लंडमधल्या मँचेस्टरला एका माणसाने असंच एका जुन्या गाडीचं इंजिन खोललं. त्याचं नाव हेन्री रॉयस.

रॉयसचा जन्म १८६३ चा. वडिलांची पिठाची गिरणी बुडाली आणि हेन्री नऊ वर्षांचा असताना ते वारले. पोराने पेपर विकले, घरोघरी तारा पोचवल्या. शाळा जेमतेम. पुढे मावशीने वर्षाला २० पौंड भरले म्हणून तो पीटरबरोच्या रेल्वे वर्कशॉपमध्ये शिकाऊ कामगार झाला. तीन वर्षांनी तेही पैसे संपले आणि शिक्षण अर्धवट राहिलं. हातात आली ती फक्त लोखंड अचूक घासण्याची सवय.

१८८४ मध्ये त्याने अर्नेस्ट क्लेअरमॉंटसोबत मँचेस्टरला कारखाना काढला. डायनॅमो, मग विजेच्या क्रेन. धंदा चांगला चालला, पण नवं शतक उजाडेपर्यंत बाहेरचा स्वस्त माल येऊन नफा आटू लागला. अशा काळात रॉयसने दोन सिलिंडरची वापरलेली देकोविल गाडी घेतली.

देकोविल ही मूळची छोट्या रेल्वे बनवणारी फ्रेंच कंपनी. ही गाडी म्हणजे निव्वळ भंगार होतं, असं रंगवून सांगितलं जातं. ते काही खरं नाही. त्या काळच्या मानाने गाडी बरी होती. पण रॉयसला तिचा आवाज, थरथर आणि भरवसा नसलेलं इग्निशन खपत नव्हतं. त्याने ती पूर्ण खोलली आणि एकेक भाग सुधारत बसला. विजेचं काम तर त्याच्या हातचंच होतं. शेवटी त्याने ठरवलं की आता दुरुस्ती पुरे, नव्या गाड्याच बनवायच्या. तीन. क्लेअरमॉंटला हा खर्च फारसा पटला नव्हता, आणि कारखान्याची अवस्था बघता त्याचं काही चुकत नव्हतं!

या गाड्यांची मांडणी देकोविलवरून घेतलेली होती, पण कार्ब्युरेटर आणि इग्निशन रॉयसचं स्वतःचं. १ एप्रिल १९०४ ला पहिली गाडी कारखान्यातून निघाली आणि त्याच्या घरापर्यंत नीट पोचली.

महिनाभरात, ४ मे ला, मँचेस्टरच्या मिडलँड हॉटेलात चार्ल्स रोल्स त्याला भेटला. रोल्स लंडनमध्ये परदेशी गाड्या विकायचा. दोन सिलिंडरची गाडी म्हटली की थरथर आलीच, असं त्याचं मत होतं. रॉयसच्या गाडीत बसल्यावर ते बदललं. रॉयस बनवेल त्या सगळ्या गाड्या रोल्सने विकायच्या असं ठरलं आणि १९०६ मध्ये कंपनी झाली.

रोल्स १९१० मध्ये विमान अपघातात गेला. रॉयस जेवणखाण विसरून काम करायचा आणि त्याची किंमत तब्येतीने मोजली. मोठ्या आजारपणानंतर तो कारखान्यापासून दूर, घरी बसूनच इंजिनांची डिझाइन तपासायचा. २२ एप्रिल १९३३ ला तो वारला. त्याच्या हयातीत काम सुरू झालेलं एक विमानाचं इंजिन त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये पहिल्यांदा सुरू झालं. पुढे त्याला मर्लिन नाव मिळालं आणि दुसऱ्या महायुद्धात ते स्पिटफायर विमानांत बसलं.