पंडिता रमाबाई : दुःखातून सेवेकडे

एक विद्यार्थिनी, बी. ए. द्वितीय वर्ष

दुःख कुणाला चुकले आहे? परंतु दुःख आले की आपल्याकडे आधी त्याचा दोषी शोधतात. मी दहावीत असताना बाबा वारले. तेरवीला आलेल्या बायांनी माझ्या मायवरच बोट ठेवले. तिच्या गेल्या जन्मीचे भोग म्हणे! माय काही बोलली नाही. आठ दिवसांनी रोवण्याला गेली. तिच्या मजुरीवर मी शिकते आहे. कॉलेजची पायरी चढणारी आमच्या घरातली मी पहिलीच. ग्रंथालयात पंडिता रमाबाईंचे चरित्र हाती आले, तेव्हा त्या आरोपाचे उत्तर शोधतच मी ते वाचले.

रमाबाईंचा जन्म 1858 साली कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी समाजाचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवले आणि त्या माउलीने रमाबाईंना. पुराणे सांगत हे कुटुंब तीर्थोतीर्थी फिरे. पुढे दुष्काळात होते नव्हते ते संपले. रानातला पाला खाऊन दिवस काढले. वडील गेले, पाठोपाठ आई, मग थोरली बहीण. आईच्या तिरडीला खांदेकरी मिळेनात. दोन ब्राह्मण कसेबसे तयार झाले; तिसरा भाऊ आणि चौथ्या रमाबाई. उंची कमी पडली म्हणून त्यांनी तो भार डोक्यावर घेतला. येथे मी पुस्तक मिटून ठेवले.

पुढे भाऊ श्रीनिवाससह त्या पायी देशभर फिरल्या. 1878 मध्ये कलकत्त्याच्या विद्वानांनी त्यांना पंडिता व सरस्वती या पदव्या दिल्या. पण 1880 मध्ये भाऊ गेला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी मेधावी यांच्याशी जातीबाहेर विवाह केला. 1882 मध्ये पटकीने तेही गेले. पदरी तान्ही मनोरमा! पुण्यास येऊन त्यांनी आर्य महिला समाज काढला. 1883 मध्ये डॉक्टर होण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या, परंतु बहिरेपणा आड आला. तेथेच त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला.

हे धर्मांतर सर्वांना पटणारे नाही. परंतु दुःखाविषयी त्या धर्मात काय आहे, हे मी समजून घेतले. योहानाच्या शुभवर्तमानात एक जन्मांध माणूस आहे. पाप याचे की आईबापांचे, असे शिष्य विचारतात. येशू दोघांचेही नाही असे सांगतो आणि त्याला दृष्टी देतो. पुढे तो निर्दोष येशूच वधस्तंभावर मरतो. निर्दोषालाच एवढे दुःख, तर दुःख हा अपराधाचा पुरावा कसा? आणि दुःखिताचा न्याय न करता त्याला हात द्यायचा, हेही त्यातूनच आले.

रमाबाईंनी तेच केले. 1889 मध्ये मुंबईत शारदासदन काढले, पुढे ते पुण्यास नेले. 1893 मध्ये धर्मावरून वाद पेटला. सल्लागारांनी राजीनामे दिले, पालकांनी मुली काढून नेल्या. त्या डगमगल्या नाहीत. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या. आपला चांदा जिल्हा तेव्हा त्याच प्रांतात होता. उपाशी मुलींत त्यांना आपलेच बालपण दिसले. शेकडो मुली त्यांनी केडगावला आणल्या. तेथील मुक्ती सदनात 1900 च्या सुमारास दीड हजार जणी होत्या. शेती, विणकाम, छपाई शिकत होत्या. दुष्काळ चांगला, असे त्या मानत नव्हत्या. आपण सोसलेली भूक दुसरीने सोसू नये, एवढाच त्यांनी आपल्या दुःखाचा अर्थ लावला.

म्हातारपणी बायबलचे सोप्या मराठीत भाषांतर चालू असता 1921 मध्ये मनोरमाही गेली. असे का, याचे उत्तर मला कुठे सापडले नाही. रमाबाईंनी भाषांतर पुरे केले आणि 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला.

दिवाळीच्या सुटीत मी मायला ही कथा सांगितली. तिरडीच्या प्रसंगाला तिच्या हातातले सूप थांबले. शेवटी तिने एकच विचारले, त्या बाईची पोरगी शिकली होती का? होती, मी म्हणाले. माय पुन्हा तांदूळ पाखडू लागली.

मित्रमैत्रिणींनो, आपण ख्रिस्ती असू वा नसू, एवढे तरी करू या. कुणाच्या दारी दुःख आले तर कुणाचे पाप, हे विचारायला जाऊ नये. काय काम करू, हे विचारायला जावे.