राजर्षी पुरुषोत्तमदास टंडन

गोदावरीच्या तीरावर वसलेले नाशिक हे तीर्थक्षेत्र म्हणून प्राचीन काळापासून विख्यात आहे. सिंहस्थाच्या पर्वकाळी तेथे लक्षावधी यात्रिक येतात. परंतु १९५० सालच्या सप्टेंबर महिन्यात या नगरीत एक निराळाच मेळा भरला होता. तो होता काँग्रेसच्या अधिवेशनाचा. देशाच्या कानाकोपऱ्यांतून प्रतिनिधी आले होते. पंतप्रधान पंडित जवाहरलाल नेहरू आणि उपपंतप्रधान सरदार वल्लभभाई पटेल हेही आले होते. अध्यक्षस्थान मात्र या दोघांपैकी कोणाचेच नव्हते. तेथे साधी खादी ल्यालेले, दाढी राखलेले एक वृद्ध गृहस्थ विराजमान झाले होते. त्यांचे नाव पुरुषोत्तमदास टंडन.

टंडनजींचा जन्म १ ऑगस्ट १८८२ रोजी अलाहाबाद येथे झाला. हेच आजचे प्रयागराज. कायद्याचे शिक्षण पुरे करून ते तेथील उच्च न्यायालयात वकिली करू लागले. पंडित मदनमोहन मालवीय यांना ते गुरुस्थानी मानत. १९१० साली काशी येथे हिंदी साहित्य संमेलनाची स्थापना झाली. त्या संस्थेचा भार टंडनजींनी आपल्या शिरावर घेतला आणि हिंदी भाषेची सेवा हे आपले जीवनव्रत मानले.

१९२१ साली महात्मा गांधींच्या असहकाराच्या हाकेला ओ देऊन त्यांनी चांगली चाललेली वकिली सोडली. पुढे लाला लजपतराय यांच्या निधनानंतर त्यांनी स्थापिलेल्या लोकसेवक मंडळाची धुरा टंडनजींनी वाहिली. शेतकऱ्यांच्या चळवळीत ते अग्रभागी होते. स्वातंत्र्यासाठी त्यांनी अनेकदा कारावास भोगला. त्यांची राहणी इतकी साधी व आचरण इतके कडक होते, की लोक त्यांना आदराने राजर्षी म्हणू लागले.

१९३७ साली ते संयुक्त प्रांताच्या विधानसभेचे सभापती झाले. सभापतीने सर्व पक्षांना समान न्याय द्यावा लागतो. विरोधी सभासदांचा आपल्यावरील विश्वास उडाला, तर आपण या पदावर राहणार नाही, असे त्यांनी जाहीर केले होते. पदाविषयी त्यांची वृत्ती ही अशी होती.

टंडनजी आपल्या मताला चिकटून राहणारे होते. १९४७ साली देशाच्या फाळणीची योजना काँग्रेसच्या महासमितीपुढे आली, तेव्हा बहुतेक थोर पुढारी तिला संमती देत असतानाही त्यांनी तिला उघड विरोध केला. पुढच्याच वर्षी ते काँग्रेसच्या अध्यक्षपदासाठी उभे राहिले. पण डॉक्टर पट्टाभी सीतारामय्या यांच्याकडून थोड्या मतांनी पराभूत झाले.

१९५० साली ते पुन्हा उभे राहिले. या वेळी सामना तिरंगी होता. आचार्य कृपलानी आणि महाराष्ट्राचे शंकरराव देव हे दुसरे दोन उमेदवार होते. सरदार पटेलांचा कौल टंडनजींकडे होता. नेहरूंना मात्र त्यांची निवड पसंत नव्हती. निर्वासितांचा व पाकिस्तानचा प्रश्न कसा हाताळावा, याविषयी दोघांचे विचार जुळत नव्हते. वास्तविक दोघेही अलाहाबादचे आणि स्वातंत्र्यलढ्यातील जुने सहकारी. तरीही नेहरूंनी आपला मतभेद लपविला नाही आणि टंडनजींनीही माघार घेतली नाही. मतमोजणीत टंडनजींना १३०६, कृपलानींना १०९२ आणि देवांना २०२ मते मिळाली.

अमेरिकेत दर चार वर्षांनी मोठ्या पक्षांची अशीच विराट अधिवेशने भरतात. तेथे पक्षाचे प्रतिनिधी राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार ठरवितात. तो निवडून आला, तर देशाच्या कारभाराचा प्रमुख होतो. आपल्याकडे पक्षाचा अध्यक्ष आणि देशाचा पंतप्रधान या दोन भिन्न व्यक्ती असू शकतात. मग दोघांत मतभेद झाल्यास कोणाचा शब्द अखेरचा मानावा? नाशिकला जमलेल्या प्रतिनिधींपुढे हाच प्रश्न उभा होता. त्यांनी अध्यक्ष म्हणून टंडनजींना निवडले होते. पण अधिवेशनात ठराव मंजूर केले ते नेहरूंच्या धोरणाला पाठिंबा देणारे. अशा रीतीने प्रश्न सुटला नाही, तो केवळ पुढे गेला.

डिसेंबर १९५० मध्ये सरदार पटेल निवर्तले. पुढच्या वर्षी कृपलानींनी काँग्रेस सोडून नवा पक्ष काढला. स्वतंत्र भारताची पहिली सार्वत्रिक निवडणूक जवळ येत होती. कार्यकारिणी बदलावी, असा नेहरूंचा आग्रह होता. कार्यकारिणी नेमण्याचा अधिकार निवडून आलेल्या अध्यक्षाचा आहे, असे टंडनजींचे म्हणणे होते. ऑगस्ट १९५१ मध्ये नेहरूंनी कार्यकारिणीचा राजीनामा दिला.

आता टंडनजींपुढे दोन वाटा होत्या. प्रतिनिधींनी दिलेला अधिकार हाती धरून ते लढू शकले असते. परंतु निवडणुकीच्या तोंडावर पक्ष दुभंगला असता आणि नेहरूंसारख्या नेत्यावाचून पक्षाला लोकांपुढे जावे लागले असते. टंडनजींनी आपले मत बदलले नाही. त्यांनी पद सोडले. सप्टेंबर १९५१ मध्ये नेहरू काँग्रेसचे अध्यक्ष झाले.

पद गेले म्हणून टंडनजी रुसून घरी बसले नाहीत, की त्यांनी वेगळा पक्षही काढला नाही. १९५२ साली ते लोकसभेत आणि पुढे राज्यसभेत गेले. १९६१ साली भारत सरकारने त्यांना भारतरत्न हा सर्वोच्च किताब अर्पण केला. १ जुलै १९६२ रोजी त्यांचे निधन झाले.

टंडनजींची सर्वच मते सर्वांना मान्य होतील असे नाही. त्यांच्या काळीही ती नव्हती. पण निवडणुकीत हार झाली तेव्हा ते कटू झाले नाहीत, जय झाला तेव्हा उन्मत्त झाले नाहीत, आणि कष्टाने मिळविलेले पद सोडण्याची वेळ आली तेव्हा त्यांचा हात अडखळला नाही. लोकशाहीत पदावर चढणारे पुष्कळ असतात. योग्य वेळी पायउतार होणारे थोडे. त्या थोड्यांत राजर्षी टंडनांची गणना होते.