हम्फ्री रेप्टन

हम्फ्री रेप्टन (२१ एप्रिल, १७५२ – २४ मार्च, १८१८) हे इंग्लंडमधील उद्यानरचनाकार, चित्रकार व लेखक होते. कॅपॅबिलिटी ब्राउन यांच्यानंतरच्या पिढीतील ते सर्वांत प्रसिद्ध इंग्लिश उद्यानरचनाकार मानले जातात. लँडस्केप गार्डनर ही संज्ञा व्यवसायाचे नाव म्हणून त्यांनी रूढ केली. एकाच चित्रात जागेचे सध्याचे आणि नियोजित रूप दाखवणारी त्यांची रेड बुक्स ही हस्तलिखिते विशेष प्रसिद्ध आहेत. हाताने काढलेल्या आराखड्यांपासून संगणकीय आराखड्यांपर्यंतच्या वाटचालीत त्यांची चित्रपद्धती हा महत्त्वाचा टप्पा आहे.

पूर्वायुष्य

रेप्टन यांचा जन्म सफोक काउंटीतील बरी सेंट एडमंड्स येथे झाला. त्यांचे वडील अबकारी कराच्या वसुलीचे अधिकारी होते. पुढे हे कुटुंब नॉरिच येथे स्थायिक झाले. मुलाने व्यापारात जावे या हेतूने वडिलांनी त्यांना बाराव्या वर्षी डच भाषा शिकण्यासाठी नेदरलँड्सला पाठवले. परतल्यावर त्यांनी नॉरिचमधील एका कापड व्यापाऱ्याकडे उमेदवारी केली. १७७३ मध्ये मेरी क्लार्क यांच्याशी त्यांचा विवाह झाला. स्वतःचा कापडधंदा मात्र त्यांना साधला नाही.

१७७८ मध्ये आईवडिलांच्या निधनानंतर मिळालेल्या वारशाच्या आधारावर ते नॉरफोकमधील सस्टेड या खेड्यात राहू लागले. तेथे त्यांनी शेती, वनस्पतींचा अभ्यास आणि जलरंगातील चित्रकला यांत काही वर्षे घालवली. १७८३ मध्ये विल्यम विंडहॅम यांचे सचिव म्हणून त्यांनी आयर्लंडमध्ये अल्पकाळ काम केले. त्यानंतर टपालगाड्यांच्या एका योजनेत गुंतवलेला पैसा बुडाला आणि ते एसेक्समधील हेअर स्ट्रीट येथील एका लहान घरात राहायला गेले. अखेरपर्यंत त्यांचा मुक्काम तेथेच होता.

व्यवसाय

१७८८ मध्ये, वयाच्या ३६ व्या वर्षी, रेप्टन यांनी उद्यानरचनेचा व्यवसाय सुरू केला. ब्राउन यांचे १७८३ मध्ये निधन झाले होते आणि त्यांची जागा घेणारा कोणी पुढे आलेला नव्हता. नॉरिचजवळील कॅटन पार्क हे रेप्टन यांचे पहिले सशुल्क काम होय. पुढील तीस वर्षांत त्यांनी सुमारे ४०० ठिकाणांसाठी सल्ला दिला. जेन ऑस्टिन यांच्या मॅन्सफील्ड पार्क (१८१४) या कादंबरीत त्यांच्या नावाचा आणि दिवसाला पाच गिनी या शुल्काचा उल्लेख येतो.

ब्राउन हे आराखड्याबरोबर प्रत्यक्ष कामाचाही ठेका घेत. रेप्टन सामान्यतः केवळ सल्ला आणि चित्रे देत. माती खणणे, तळी बांधणे, झाडे लावणे ही कामे जमीनमालकाकडे राहत. त्यामुळे अनेक योजना अंशतः अमलात आल्या, तर काही कागदावरच राहिल्या. मालकाचे मन वळवण्याचे मुख्य साधन चित्र हेच होते.

रेड बुक्स

रेप्टन जागेची पाहणी करून, आवश्यक तेथे थिओडोलाइटने मोजणी करून रेखाटने करत आणि घरी परतल्यावर त्यांवरून जलरंगातील चित्रे तयार करत. चित्राच्या काही भागावर कागदाची एक झडप चिकटवलेली असे. झडप मिटलेली असताना जागेचे सध्याचे रूप दिसे. ती उचलताच खालून नियोजित तळे, वाट किंवा वृक्षराजी प्रकट होई. या चित्रांसोबत प्रत्येक बदलाचे कारण सांगणारा हस्तलिखित मजकूर असे. बहुतेक पुस्तके तांबड्या चामड्यात बांधलेली असल्याने त्यांना रेड बुक्स हे नाव मिळाले. त्यांपैकी शंभरहून अधिक आज उपलब्ध आहेत.

या पद्धतीवर त्यांच्या हयातीतच टीका झाली. कवी विल्यम मेसन यांच्या मते, कागदावर रंगवलेले वृक्ष जमिनीतही नेमके त्याच आकाराचे वाढतील असा समज ही चित्रे धनिकांच्या मनात निर्माण करत. यूव्हडेल प्राइस आणि रिचर्ड पेन नाइट यांच्याशीही १७९४ पासून त्यांचा उद्यानरचनेच्या तत्त्वांविषयी वाद झाला.

ब्रायटन येथील राजवाड्यासाठी त्यांनी भारतीय वास्तुशैलीवर आधारित योजना तयार केली. तीत थॉमस व विल्यम डॅनियल यांच्या भारतविषयक चित्रांचा आधार होता. ही योजना १८०८ मध्ये प्रसिद्ध झाली. मात्र राजवाड्याचे काम पुढे त्यांचे पूर्वीचे भागीदार जॉन नॅश यांच्याकडे गेले.

अखेरची वर्षे

२९ जानेवारी, १८११ रोजी मुलींसह घरी परतत असताना त्यांची घोडागाडी उलटली. पाठीच्या कण्याला झालेल्या दुखापतीमुळे त्यांना पुढे अनेकदा चाकांच्या खुर्चीचा आधार घ्यावा लागला. तरीही १८१२ मध्ये त्यांनी नॉरफोकमधील शेरिंगहॅम पार्कची योजना केली. ती त्यांना स्वतःला सर्वाधिक प्रिय होती. १८१६ च्या त्यांच्या अखेरच्या ग्रंथात खुर्चीत बसून फळे तोडता यावीत अशा उंच वाफ्यांचे चित्र आहे. याच ग्रंथात हेअर स्ट्रीटच्या घरासमोरील दृश्य झडपेसह दाखवले आहे. झडपेवर खाटकाचे दुकान आणि भिकारी दिसतात. ती उचलली की त्यांच्या जागी गुलाब व फुलझाडे येतात. रेप्टन यांना नॉरफोकमधील आयल्शॅम येथील चर्चच्या आवारात दफन करण्यात आले.

संगणकीय आराखड्यांशी संबंध

१९६३ मध्ये आयव्हन सदरलँड यांनी पडद्यावर रेखाटन करण्याची स्केचपॅड ही प्रणाली मांडली. १९८२ मध्ये ऑटोकॅड बाजारात आले आणि त्यानंतर उद्यानरचनेतही कागद व पेन्सिलीची जागा हळूहळू संगणकाने घेतली. मोजणी, विद्यमान वृक्ष, पाण्याच्या वाहिन्या आणि नवी लागवड स्वतंत्र स्तरांवर ठेवून हवा तो स्तर दाखवणे किंवा झाकणे यामुळे शक्य झाले. रेप्टन यांची झडप एकच बदल दाखवी आणि दुसरा पर्याय हवा असल्यास चित्र नव्याने रंगवावे लागे; संगणकावर ही दुरुस्ती मूळ आराखड्यातच करता येते. मेसन यांचा आक्षेप मात्र या बदलानेही निकालात निघाला नाही. पूर्ण वाढलेले वृक्ष संगणकीय चित्रात क्षणात उभे करता येतात, परंतु जमिनीत लावलेल्या रोपाला तेवढे वाढण्यास अनेक दशके लागतात. शेरिंगहॅम पार्कच्या योजनेचे पूर्ण वाढलेले रूप पाहण्यास रेप्टन हयात नव्हते.